अंगण-परसू : अळ्या मारून फुलपाखरं मागणाऱ्यांची पत्रं

जूनच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते : ‘लिंबावरची अळी मारू नका, तिचंच फुलपाखरू होतं.’ बाकी अख्खा लेख कलमं लावायच्या खड्ड्यांवर होता. लांबी-रुंदी, तळाला पालापाचोळा किती, शेणखत किती, सगळं मापासकट. त्यावर एक पत्र नाही. आणि या एका वाक्यावर संपादकांनी देवरुखला पाकीट भरून पत्रं पाठवली आहेत.

निम्म्या पत्रांत तक्रार अशी, की फुलं खूप लावली पण फुलपाखरू फिरकत नाही. उरलेल्या निम्म्यांत विचारलंय, झाड अळ्यांनी खाल्लं, कोणतं औषध मारू? या दोन्ही मंडळींची एकदा गाठ पडावी म्हणून पत्रं सरमिसळ करून घेतली आहेत. मी कीटकशास्त्र शिकलेली नाही. सासऱ्यांनी काढलेली कलमांची नर्सरी 34 वर्षं सांभाळली, तेवढंच माझं शिक्षण. त्यातही बरीच वर्षं मी उलटंच शिकत होते, ते पुढं येईलच.

काकू, आमची बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला. फुलपाखरांसाठी म्हणून मार्चपासून पेटुनिया, डबल झिनिया, गुलाब, शेवंती असं सगळं लावलं. खर्च विचारू नका. तीन महिन्यांत एकच फुलपाखरू आलं, दोन मिनिटं बसलं आणि गेलं. कुठं चुकतंय?
– एक वाचक, डोंबिवली

आलं ना? मग अगदीच चुकलेलं नाही. तुम्ही खाणावळ उघडलीत, पण बाळंतिणीची खोली केली नाहीत. खाणावळीत गिऱ्हाईक येतं, जेवतं, जातं. राहतं कोण, तर जिचं बाळंतपण तिथं होतं ती.

फुलपाखराची मादी अंडी घालायला फूल शोधत नाही, पान शोधते. आणि कुठलंही पान नाही. तिच्या पिल्लांना, म्हणजे अळ्यांना, जे पान पचतं तेच. ती पानावर उतरते आणि पुढचे पाय टपटप पानावर आपटते. बघाल तर वाटेल, अस्वस्थ झालीय. तसं नाही, ती चव घेत असते. तिला चव पायांनी कळते. पान पटलं नाही तर पुढच्या झाडावर. तुमच्या पेटुनियाच्या आणि शेवंतीच्या पानांवर तिनं असे पाय आपटले असतील आणि ‘इथं काही खरं नाही’ म्हणून ती गेली असेल.

तेव्हा आधी एक कढीपत्ता आणा. मोठी कुंडी, सकाळचं ऊन, बस. लिंबाळी हे काळं-पिवळं फुलपाखरू आणि बहुरूपी हे काळं-पांढरं, दोघंही कढीपत्त्यावर अंडी घालतात आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज येतात. लिंबाळीचं अंडं मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं, गोल, कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवलेलं असतं. फोडणीला पानं खुडताना उलटसुलट करून बघत जा. नाहीतर पोह्यांत अंडं जायचं, आणि तुमच्याकडे ते चालत नसेल तर पंचाईत.

तीन-चार दिवसांत अंड्यातून जे निघतं ते बघून तुम्ही नाक मुरडाल. पानावर चिमणीनं घाण केल्यासारखं दिसतं. तपकिरी, मधे पांढरट पट्टा, वरून ओलसर चकाकी. तेच तिचं संरक्षण आहे. पक्षी स्वतःची विष्ठा कशाला खाईल? चार वेळा कात टाकून झाली की एके सकाळी तीच अळी हिरवीगार होऊन बसलेली दिसते. बोटानं हळूच डोक्यामागं टोचून बघा, एकदाच. मानेतून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात, ओली, मऊ, आणि एक आंबूस उग्र वास सुटतो. मग शिंगं पुन्हा आत. माझ्या नातवाला या खेळाचा इतका नाद लागला होता, की मला अळ्यांची बाजू घ्यावी लागली.

दुसरी कुंडी पानफुटीची. तिला नर्सरीतून विकत आणू नका, कुणाकडून एक पान मागून मातीवर ठेवा. हिच्यावर रेड पिअरो नावाचं छोटं फुलपाखरू येतं. पंख मिटल्यावर पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, खालच्या पंखाला केशरी झालर. याची अळी पानावर बसून खात नाही, पानात शिरते. पानफुटीचं पान जाड, त्याच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला गर खात पुढं सरकते. बाहेरून पान फुगल्यासारखं, करपल्यासारखं दिसतं. उजेडासमोर धरलंत तर आत काळी विष्ठा आणि अळीची सावली दिसते. लोक ‘बुरशी आली’ म्हणून नेमकी तीच पानं तोडून टाकतात. हे फुलपाखरू जमिनीलगत, सावकाश उडतं, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर कढीपत्त्याइतकी खात्री देत नाही. खाली सोसायटीच्या आवारात दोन पानं टाकून ठेवा, म्हणजे त्याला पायरी होईल.

आता फुलं. पेटुनियाची नळी लांब, ती रात्रीच्या मोठ्या पतंगांच्या सोयीची. डबल झिनियात पाकळ्याच पाकळ्या, मध कुठं आहे ते फुलपाखरालाच सापडत नाही. एकेरी झिनिया लावा, एकेरी झेंडू, पेंटास, एक्झोरा, सदाफुली. एक इथं, एक तिथं असं नको, एका जातीची चार-पाच रोपं एकत्र. कुंडीत आपोआप एकदांडी उगवली तर उपटू नका. ती पिवळ्या टिकलीएवढी फुलं छोट्या फुलपाखरांना तुमच्या गुलाबापेक्षा जास्त आवडतात. आणि मार्च ते मे हा हिशेबात धरू नका, तो त्यांचा मुळी हंगामच नाही. खरी वर्दळ श्रावणापासून दिवाळीनंतरपर्यंत.

एक गोष्ट मी विकणारी होते म्हणून सांगते. नर्सरीतल्या रोपावर फवारा मारलेला असण्याची शक्यता फार. काही औषधं पानाच्या आत भिनतात, नळाखाली धुऊन जात नाहीत. रोप आणलं की दोन-तीन महिने नवी पालवी फुटू द्या, तोवर अळ्या मेलेल्या दिसल्या तर दोष तुमचा नव्हे. आणि कडुनिंबाचं तेल ‘सेंद्रिय’ आहे म्हणून बिनधास्त मारू नका. त्यानं अळीला कात टाकता येत नाही. सेंद्रिय पद्धतीनं मेली तरी मेलीच.

काकू, तुमचं ते वाक्य मी मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘त्या बाईंना म्हणा, आठ दिवस आमच्या रोपवाटिकेत येऊन बसा.’ संत्र्याच्या कलमांची कोवळी पानं अळ्या फस्त करतात. मला फुलपाखरं आवडतात, पण घर संत्र्यावर चालतं. काय करू?
– एक सून, वरुड, जि. अमरावती

मामंजींना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की ते बरोबर आहेत. मी ते वाक्य परसातल्या लिंबासाठी लिहिलं होतं, तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं. मोठ्या झाडाची शंभर पानं गेली तर त्याला पत्ता लागत नाही. पिशवीतल्या कलमाला असतातच पंधरा-वीस पानं, त्याची एक अळी चार दिवसांत काडी करते.

आम्हीही लिंबाची रोपं करत होतो. 1998 साली भाद्रपदात 400 पिशव्यांवर मी स्वतः पंप पाठीला मारून फवारा मारला. दुसऱ्या दिवशी पिशव्यांच्या ओळींमधून झाडू फिरवला तर टमरेलभर अळ्या निघाल्या. हिरव्या, तपकिरी, अर्धवट गुंडाळलेल्या. त्या मी उकिरड्यावर टाकल्या आणि रोपं वाचली म्हणून समाधानानं जेवले. गौरीच्या दिवशी धाकट्या मुलीनं विचारलं, ‘आई, यंदा तेरड्यावर फुलपाखरं का नाहीत गं?’ मी म्हटलं, ‘पाऊस जास्त झाला.’ खोटं बोलले असं नाही, तेव्हा मला तेच खरं वाटलं होतं.

तुमच्यासाठी मार्ग असा. रोपवाटिकेत रोज सकाळी, पंप न भरता, अळ्या हातानं वेचा. नवती फुटते त्या दोन-तीन आठवड्यांतच हे काम असतं, वर्षभर नाही. वेचलेल्या अळ्या मारू नका. तुमच्याकडे डोळे भरायला, म्हणजे संत्र्याचं कलम बांधायला, जंबेरी या रानलिंबाची खुंटं असतातच. त्यातली दोन-तीन डोळे न भरता बांधाच्या कोपऱ्यात लावून टाका आणि वाढू द्या. ते झाड अळ्यांच्या नावानं सोडलं असं समजा. वेचलेल्या अळ्या तिथं नेऊन सोडायच्या. बांधावर बेल असेल तर तोही चालतो. तुमच्या काळ्या रानात बावची उगवत असेल, तर लिंबाळीला तीही चालते. तेवढी खुरपताना बांधाकडेला राहू द्या.

आणि मामंजींना आणखी एक विचारा : आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांची, फळं पिकायच्या सुमाराला रात्रीतून भोक पडून गळतात, त्याचं खापर ते कुणावर फोडतात? ते काम लिंबाळीचं नव्हे. तो रस शोषणारा मोठा पतंग, रात्री येतो, सोंडेनं साल भोसकतो. त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही, गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. फुलपाखराच्या अळ्यांवर कितीही औषध ओतलं तरी त्या फळगळीत एका फळाचा फरक पडायचा नाही.

आमच्या तगरीला एका आठवड्यात पान राहिलं नाही. करंगळीपेक्षा जाड हिरव्या अळ्या, डोक्याजवळ निळे डोळे. घरातले म्हणतात विषारी आहेत.
– नांदेड

विषारी नाहीत, चावतही नाहीत. ते डोळेही खरे डोळे नव्हेत, पक्ष्याला दचकवायला काढलेली नक्षी आहे. आधी आकसून बसते, मग मान फुगवून डोळे दाखवते. हा फुलपाखरू नव्हे, पतंग. हिरव्या संगमरवरासारखे पंख असलेला, संध्याकाळी भिरभिरत मध पिणारा. कण्हेरीवरही हीच अळी येते. पत्र पोचेपर्यंत त्या तपकिरी होऊन खाली उतरल्या असतील, पाचोळ्यात कोश करायला. झाडाखाली आठ-पंधरा दिवस झाडू नका. तगर मरत नाही, पुन्हा फुटते. आमची तर दर वर्षी अशी फुकटात छाटली जाते.

काकू, आमच्या दारातल्या कण्हेरीच्या पानाखाली चांदीचं डूल लटकलंय. खोटं सांगत नाही, अगदी सराफाकडचं वाटतं. काय आहे हे?
– मडगाव

हबशी नावाच्या फुलपाखराचा कोश. नाव हबशी, कारण फुलपाखरू काळसर तपकिरी. पण कोश असा की आरशासारखा चकाकतो, तुमचं तोंड त्यात दिसेल. दोन-चार दिवसांत तो काळवंडेल. घाबरू नका, आतून पंखांचा रंग दिसू लागलेला असतो.

आजी, मी कृष्णकमळाच्या वेलीवरचा कोश काचेच्या बरणीत ठेवला होता. शाळेतून आले तर फुलपाखरू बाहेर आलेलं, पण त्याचे पंख चुरगळलेले होते आणि तसेच राहिले. खाली लाल रक्त पण पडलं होतं. मी काही चूक केली का?
– इयत्ता तिसरी, पुणे

बाळा, ते रक्त नव्हतं. कोशात असताना साठलेला मळ फुलपाखरू बाहेर आल्या आल्या टाकतं, तो लालसर असतो. सगळीच टाकतात. तेव्हा ती काळजी सोड.

पंखांचं मात्र तुला खरं सांगते, कारण तू खरं विचारलंस. फुलपाखरू कोशातून निघतं तेव्हा त्याचे पंख ओल्या रुमालासारखे घडी पडलेले, बोटाच्या पेराएवढे असतात. त्याला लगेच कुठंतरी वर चढून उलटं लटकायचं असतं. लटकलं की ते अंगातलं पाणी पंखांच्या शिरांमधून ढकलतं आणि पंख उलगडत जातात. मग सुकायला तास-दोन तास. तुझ्या बरणीची काच गुळगुळीत, त्याचे पाय घसरले असणार आणि ते तळाला पडून राहिलं असणार. पंख तसेच वाळले की मग उलगडत नाहीत.

पुढच्या वेळी कोश वेलीवरच राहू दे, रोज जाऊन बघ. आणायचाच असेल तर ज्या काडीला आहे ती काडी कापून, बुटाच्या मोठ्या खोक्यात आडवी बांध, आणि खोक्याला झाकण म्हणून मच्छरदाणीचा तुकडा लाव. खाली भरपूर मोकळी जागा हवी. तुझं फुलपाखरू अजून जिवंत असेल तर कापसाच्या बोळ्यावर पातळ साखरपाणी ठेव, ते पिईल. उडणार नाही. वेलीवर अजून अळ्या असतील बघ, तांबूस, काटेरी. ते काटे टोचत नाहीत. एक सापडली तर तिथं बऱ्याच असतात, कारण ही आई अंडी एका जागी घोळक्यानं घालते.

नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू ना? मला ते माझ्या बागेत हवंय. लिंबू लावलंय. किती दिवस वाट पाहू?
– सोलापूर

आपलंच, 2015 साली जाहीर झालं. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण राज्याचं झालं म्हणून ते राज्यभर हिंडत नाही. नीलवंत कोकणातलं, घाटातलं, भरपूर पाऊस आणि दाट झाडी असलेल्या जागेचं. आमच्या परसात ते येतं. तळहाताहून मोठं, काळं, त्यावर आकाशी पट्टे. आपल्याच घाईत असल्यासारखं येतं, मुसांड्यावर अधांतरी फडफडतच मध पितं आणि जातं. माकडलिंबू, लिंबू, पपनस यांच्यावर अंडी घालतं. सोलापुरात तुम्ही बहुधा वाटच पाहत राहाल. तुमचं लिंबू फुकट जाणार नाही, लिंबाळी येईल.

पण मला सांगा, सोलापूरकरांनी नीलवंताचा हट्ट का धरावा? तुमच्याकडे रुई आहे. मारुतीला वाहता तीच. तिच्यावर प्लेन टायगर वाढतं, केशरी रंगाचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं. रुईचा चीक विषारी, तो अळीच्या अंगात मुरतो आणि फुलपाखरातही राहतो. पक्ष्यानं एकदा चाखलं की जन्मभर नाव काढत नाही. म्हणून हे फुलपाखरू पाहा कसं निवांत उडतं, घाई नाही, लपणं नाही.

आता यातली गंमत. कुंपणाशी घोळ उगवली असेल, भाजीची. तिच्यावर डॅनाइड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू वाढतं. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे मोठे चंद्र. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी केशरी. तिच्या अंगात विषबीष काही नाही, फक्त शेजारणीची साडी नेसून फिरते आणि पक्षी फसतात. घोळीची अर्धी भाजी करा, अर्धी राहू द्या. पावसाळ्यात टाकळा उगवतो, त्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. बोर असेल तर त्यावर पांढरी-काळी ठिपक्यांची चिमुकली. हे सगळं तुमच्याकडे फुकट उगवतं आणि आपण ते तण म्हणून उपटतो.

घाणेरीवर खूप फुलपाखरं दिसतात. कुंपणाला लावू का?
– सांगली

नको. दिसतात हे खरं, पण ती बाहेरची झुडपं. 19व्या शतकाच्या सुरुवातीला बागेसाठी म्हणून आपल्या देशात आणली आणि आज डोंगरच्या डोंगर गिळून बसली आहेत. तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, म्हणजे अंडी घालायची झाडंही नाहीत. खाणावळ चालवायला गावच उठवल्यासारखं. पांढरी किंवा पिवळी कोरांटी लावा. फुलं दिसायला साधी, पण तिची पानंही काही फुलपाखरांना लागतात.

साखरपाणी ठेवलं तर येतील का?
– नागपूर

मुंग्या येतील.

त्यापेक्षा पिकून काळं पडलेलं केळं, आंब्याची कोय, अननसाची साल झाडाखाली सावलीत ठेवा. आंबट वास सुटला की जी फुलपाखरं फुलांकडे ढुंकून बघत नाहीत ती खाली उतरतात. आंब्याच्या पानावर वाढणारं बॅरन त्यातलंच. आणि एका परळात माती, मूठभर कुजलेलं शेण, चिमूटभर मीठ घालून चिखल ओला ठेवा. पाणवठ्याकाठी फुलपाखरांचा घोळका बसलेला पाहिला असेल, ते क्षार शोषत असतात. बहुतेक सगळे नर. ते क्षार मिलनाच्या वेळी मादीला देतात. रुखवतच म्हणा.

काकू, मी न्यू जर्सीत राहते. परसात शेपू लावला होता. आईच्या हातची मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी करायची म्हणून. त्यावर हिरव्या अळ्या आल्यात, काळे पट्टे, पट्ट्यांवर पिवळे ठिपके. हात लावला तर नारिंगी शिंगं काढतात! फवारा मारू की भाजी सोडू?
– न्यू जर्सी, अमेरिका

तुमचं पत्र वाचून मी मोठ्यांदा हसले. आमच्या घरात तीन पिढ्या शेपूला नाकं मुरडतात आणि तिकडे अळ्या मिटक्या मारत खातायत.

शिंगं ओळखलीत ना? वर डोंबिवलीच्या उत्तरात वाचलीत तीच. ही ब्लॅक स्वॅलोटेलची अळी, आपल्या नीलवंताच्या आणि लिंबाळीच्या कुळातली. आणि योगायोग बघा, ब्लॅक स्वॅलोटेल हे तुमच्या न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू आहे. आम्ही 2015 साली ठरवलं, तुमच्याकडे लगेच 2016 साली. शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराचा पाला, या कुळातलं काहीही तिला चालतं. तेव्हा पुढच्या वर्षी दोन वाफे करा, एक तिचा, एक मुगाच्या डाळीचा. तुमच्या वाफ्यात आली तर उचलून तिच्या वाफ्यात.

आणि थंडी सुरू झाली की बाग स्वच्छ करायची हौस आवरा. शेवटच्या पिढीचे कोश वाळक्या काड्यांना चिकटून हिवाळा काढतात, फुलपाखरू वसंतात निघतं. त्या काड्या कचऱ्यात गेल्या तर पुढच्या वर्षीचं शेपू तुम्हालाच खावं लागेल.

ताई, वय 76. तुमचं ऐकून लिंबावरच्या अळ्या राखल्या. मोजून 11 होत्या. बुलबुलानं पाच नेल्या डोळ्यांदेखत. दोन दिसेनाशा झाल्या. एक कोळ्याच्या जाळ्यात. तीन कोश झाले, त्यातल्या एकातून बारीक माश्यांसारखं काहीतरी निघालं. मग राखायच्या कशाला?
– कोल्हापूर

दादा, त्या माश्या नव्हेत, गांधीलमाशीच्या जातीतले बारीक कीटक. ते ताज्या कोशात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतलं सगळं खाऊन बाहेर पडतात. कोशाला टाचणीनं पाडल्यासारखं भोक दिसेल. दुखतं बघायला, मला माहीत आहे.

पण 11 पैकी दोन म्हणजे तुमचा निकाल चांगला आहे. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिशेब ठेवते. जिथं दूधवाल्याचे खाडे लिहिते तिथंच. यंदा परसातल्या लिंबावर 19 अळ्या, त्यातली फुलपाखरं तीन. एक मादी शेकड्यानं अंडी घालते ती याच हिशेबानं. तुमचा बुलबुल त्या पाच अळ्या बहुतेक घरट्यात घेऊन गेला असेल. जाळी लावायची तर एका फांदीला लावा, सगळ्या झाडाला नको. बुलबुलानं खायचं काय?

तुमचे दोन कोश कुठं आहेत ते लिहिलं नाहीत. हिरव्या फांदीवर असतील तर हिरवे, भिंतीवर किंवा वाळक्या काडीवर असतील तर तपकिरी असण्याची शक्यता जास्त. कंबरेला रेशमाचा दोरा बांधून मागं रेलल्यासारखे दिसतात, माडावर चढणाऱ्या पाडेल्यासारखे. तो दोरा तुटू देऊ नका.

माझा 19 पैकी चौथा काल सापडला. पागोळीच्या पत्र्याखाली, तपकिरी, मला गेले दहा दिवस गंजाचा पापुद्रा वाटत होता. आज सकाळी तो काळा पडलाय आणि आतून पिवळे ठिपके दिसतायत. उद्या उन्हाच्या आत निघेल. ही उत्तरं उद्यापर्यंत थांबवून त्याचंही लिहावं असं मनात होतं, पण संपादकांचा फोन दोनदा येऊन गेला.